विश्लेषण : सोयाबीनचा हमीभाव वाढला दीडपट, आलेखात दिसतो सहापट! हे कसे घडते?

आकडे तेच, वर्षे तीच, तरीही एका आलेखात हमीभावाचे स्तंभ आभाळाला भिडतात आणि दुसऱ्यात ते जेमतेम पायरी-पायरीने चढतात. सोयाबीन हे धाराशिव जिल्ह्याचे खरिपातील मुख्य पीक. माल आता विकायचा की घरात ठेवायचा, याचा निर्णय घेताना अनेक शेतकरी मोबाइलवर आलेला असा एखादा आलेख पाहतात. त्यात खोटा आकडा एकही नसतो, तरी चित्र दिशाभूल करू शकते.

याचे कारण मांडणीत असते. अक्ष कुठून सुरू करायचा, स्तंभ किती रुंद ठेवायचे, रेषा कोणत्या मोजमापावर काढायची, हे कुणीतरी ठरवलेले असते किंवा संगणकाने परस्पर ठरवलेले असते. विद्यापीठांत प्रबंध आणि शोधनिबंधांसाठी वापरली जाणारी ‘लाटेक’ ही अक्षरजुळणी प्रणाली हे निर्णय लेखी स्वरूपात मागते. म्हणूनच स्तंभालेख आणि संयुक्त आलेख समजून घ्यायला ती सोयीची आहे.

मुळात आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारने जाहीर केलेला सोयाबीनचा हमीभाव, प्रतिक्विंटल रुपयांत, आणि आधीच्या वर्षापेक्षा झालेली वाढ अशी :

२०१८-१९ : ३,३९९
२०१९-२० : ३,७१० (वाढ ९.१ टक्के)
२०२०-२१ : ३,८८० (४.६ टक्के)
२०२१-२२ : ३,९५० (१.८ टक्के)
२०२२-२३ : ४,३०० (८.९ टक्के)
२०२३-२४ : ४,६०० (७ टक्के)
२०२४-२५ : ४,८९२ (६.३ टक्के)
२०२५-२६ : ५,३२८ (८.९ टक्के)

पहिल्या आकड्याच्या तुलनेत शेवटचा आकडा १.५७ पट आहे, म्हणजे दीडपटीहून थोडा अधिक. आता उभा अक्ष शून्याऐवजी ३,००० पासून सुरू केला, तर काय होते ते पाहा. २०१८-१९ चा स्तंभ ३९९ रुपयांइतका उरतो आणि २०२५-२६ चा २,३२८ रुपयांइतका. कागदावर शेवटचा स्तंभ १० सेंटिमीटरचा काढला, तर पहिला जेमतेम १.७ सेंटिमीटरचा होतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना वाढ जवळपास सहापट दिसते. अक्ष शून्यापासून घेतला, तर हाच पहिला स्तंभ ६.४ सेंटिमीटरचा होतो.

शून्याचा एवढा आग्रह का?

स्तंभालेखात डोळा उंची मोजतो. दुप्पट उंच स्तंभ म्हणजे दुप्पट आकडा, असा या चित्राचा अलिखित करार आहे. स्तंभाचा पाय कापला, की तो मोडतो. रेषालेखाचे तसे नाही. तिथे डोळा उंचीपेक्षा चढ-उतार पाहतो. त्यामुळे रेषेचा अक्ष शून्यापासून नसला तरी चालू शकते, मात्र तो कुठून सुरू होतो ते स्पष्ट लिहायला हवे.

शाळेत आलेखपत्रावर स्तंभालेख काढताना वरच्या कोपऱ्यात ‘प्रमाण : य-अक्षावर १ सेमी = ५०० रुपये’ असे लिहावे लागे. ते विसरले, की गुण कापले जात. अक्षाचा खालचा भाग वगळायचा असेल, तर आरंभबिंदूजवळ नागमोडी खूण करायची असते. शालेय गणितात तिला अक्षसंकोच म्हणतात. मोबाइलवर फिरणाऱ्या आलेखांतून प्रमाणाची ओळ आणि ही खूण दोन्ही गायब असतात. लाटेकमध्ये अक्षसंकोचाची खूण काढण्याची वेगळी आज्ञा आहे. पण ती रेषालेखासाठी वापरावी. स्तंभाचा पाय कापून वर नागमोडी खूण काढली, तरी डोळ्याची फसवणूक होतेच.

लाटेक म्हणजे काय, आणि एक्सेल असताना ते कशाला?

अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना १९७७ मध्ये स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून छपाईचा दर्जा खटकला. त्यातून त्यांनी ‘टेक’ ही अक्षरजुळणी प्रणाली लिहायला घेतली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर ‘लाटेक’ उभारले. तिल टांटाऊ यांनी चित्रे काढण्यासाठी ‘टिक्झ’ तयार केले आणि त्याच्याच पायावर क्रिस्टियान फॉयरझेंगर यांनी आलेखांसाठी ‘पीजीएफप्लॉट्स’ ही जोडणी लिहिली. हे सारे विनामूल्य आहे. संगणकावर काही बसवायचे नसेल, तर ‘ओव्हरलीफ’ या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच काम करता येते.

एक्सेलमध्ये स्तंभालेख दोन क्लिकमध्ये होतो आणि एकदाच लागणाऱ्या आलेखासाठी तोच मार्ग सोपा आहे. लाटेकमध्ये क्लिक नाहीत. तिथे ‘अक्ष शून्यापासून’, ‘स्तंभाची रुंदी १२ पॉइंट’, ‘सूची खाली मध्यभागी’ असे सगळे ओळीने लिहावे लागते. सुरुवातीला हे जड जाते. पण दर आठवड्याला नवे आकडे घालून तोच आलेख काढायचा असेल, तर मांडणी एकदाच लिहून पुरते. दुसरा फायदा मोठा आहे. आलेख कसा काढला, हे त्या फाइलमध्ये कुणालाही वाचता येते. अक्ष ३,००० पासून का सुरू केला, असा प्रश्न आला तर बोट ठेवायला ओळ सापडते.

साधा स्तंभालेख कसा मांडायचा?

आज्ञा फाइलमध्ये रोमन लिपीत लिहायच्या असतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. उभ्या स्तंभांसाठी ‘वायबार’ आणि आडव्यांसाठी ‘एक्सबार’ लिहायचे. त्यानंतर पहिली आज्ञा हवी ती ‘वायमिन’ शून्य करण्याची. ती दिली नाही, तर पीजीएफप्लॉट्स सर्वांत लहान आकड्याच्या आसपास अक्ष सुरू करते. म्हणजे कुणाचाही हेतू वाईट नसताना पाय कापलेला स्तंभालेख तयार होतो.

मग अंतर. ‘बार विड्थ’ने स्तंभाची रुंदी ठरते. ‘एन्लार्ज एक्स लिमिट्स’ने पहिल्या स्तंभाच्या डावीकडे आणि शेवटच्याच्या उजवीकडे मोकळी जागा राहते. ती नसेल, तर कडेचे स्तंभ अर्धे कापले जातात. दोन स्तंभांमधली फट स्तंभाच्या रुंदीपेक्षा कमी ठेवली, की आलेख एकसंध दिसतो. ‘नोड्स नियर कोऑर्ड्स’ने प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर आकडा येतो. आठ-दहा स्तंभ असतील तर ही सोय वापरावीच, कारण मग मागच्या आडव्या रेघांची जाळी काढून टाकता येते आणि लहान पडद्यावर गर्दी कमी होते.

रंगांचाही विचार हवा. लाल आणि हिरवा हे दोन रंग अनेकांना वेगळे ओळखता येत नाहीत. शिवाय ग्रामपंचायतीत किंवा महाविद्यालयात हाच आलेख झेरॉक्स होऊन फिरतो, तेव्हा सगळे रंग राखाडी होतात. त्यासाठी एक स्तंभ भरीव आणि दुसरा तिरक्या रेघांचा ठेवण्याची सोय या प्रणालीत आहे.

आकड्यांची कोणती चूक हमखास होते?

पहिली चूक वर्षाची. आडव्या अक्षावर २०१८ हा आकडा दिला, की प्रणाली त्याला हजारातली संख्या समजते आणि ‘२,०१८’ असा स्वल्पविराम घालून छापते. हजाराचा विभाजक रिकामा ठेवण्याची आज्ञा दिली, की हा दोष जातो. किंवा वर्षे ‘२०१८-१९’ अशी शब्द म्हणून द्यायची.

दुसरी अडचण लाखांची. २००१ च्या जनगणनेत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची लोकसंख्या १४,८६,५८६ होती आणि २०११ मध्ये ती १६,५७,५७६ झाली, म्हणजे दहा वर्षांत साडेअकरा टक्के वाढ. हे आकडे जसेच्या तसे दिले, तर अक्षावर १.५ सारखे आकडे येतात आणि वरच्या टोकाला ‘गुणिले १० चा सहावा घात’ अशी बारीक खूण येते. शोधनिबंधात ते चालते, गावातल्या फलकावर नाही. ‘स्केल्ड वाय टिक्स’ बंद केले, की ही खूण जाते. पण मग स्वल्पविराम पाश्चात्त्य पद्धतीने दर तीन अंकांनंतर पडतात, आपल्यासारखे लाख-कोटीचे नाही. सर्वांत सोपा उपाय म्हणजे आकडे आधीच लाखांत करून घेणे आणि अक्षावर ‘लोकसंख्या (लाख)’ असे लिहिणे. १४.८७ आणि १६.५८ हे आकडे मोबाइलवर चटकन वाचता येतात.

मराठी अक्षरे नीट का उमटत नाहीत?

लाटेकची जुनी यंत्रणा रोमन लिपी गृहीत धरून बनली होती. तिच्यात देवनागरी थेट टाइप केली, तर अक्षरे गायब होतात किंवा चूक दाखवली जाते. त्यासाठी ‘झीलाटेक’ किंवा ‘लुआलाटेक’ हा पर्याय निवडावा लागतो. ओव्हरलीफमध्ये तो मेनूतून बदलता येतो. मग देवनागरी फाँट द्यायचा. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’, एक टाइपचा ‘मुक्त’ किंवा गुगलचा ‘नोटो’ हे तिन्ही विनामूल्य आहेत. फाँटच्या नावासोबत लिपी देवनागरी असल्याचे लिहायला विसरू नये. अन्यथा जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. लुआलाटेक वापरताना ‘हार्फबझ’ हा पर्यायही सांगावा लागतो. मराठीतून शिकायचे असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लाटेकविषयीचे धडे उपयोगी पडतात.

धाराशिवच्या आकड्यांत आणखी एक पेच आहे. जिल्ह्याचे नाव सप्टेंबर २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले. जुन्या तक्त्यांत उस्मानाबाद आणि नव्यांत धाराशिव आहे. आडव्या अक्षावर नावे द्यायची असतील, तर पीजीएफप्लॉट्सला त्यांची यादी आधी द्यावी लागते आणि यादीतील नाव अक्षर न् अक्षर जुळावे लागते. यादीत धाराशिव आणि आकड्यांत उस्मानाबाद असेल, तर प्रणाली अडून बसते. परंडा आणि परांडा, भूम आणि भुम अशा दोन लेखनांनीही हेच होते. ही अडचण त्रासदायक वाटली तरी उपकारकच आहे. कारण जी प्रणाली अशी अडत नाही, ती एकाच तालुक्याचे दोन स्तंभ मुकाट्याने काढून मोकळी होते.

तालुकानिहाय आलेख आडवा का असावा?

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परंडा असे आठ तालुके. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर उभ्या स्तंभांखाली ही आठ नावे मावत नाहीत. मग ती तिरकी फिरवली जातात आणि वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागते. आडव्या स्तंभांत प्रत्येक नावाला स्वतंत्र ओळ मिळते आणि पडद्याची उंची कामी येते.

क्रमही महत्त्वाचा. वर्षे असतील, तर काळाचा क्रम मोडायचा नाही. तालुके असतील, तर मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडे यावे. वर्णानुक्रम शोधायला बरा, तुलनेला नाही. आडव्या स्तंभालेखात पहिले नाव सर्वांत खाली येते, हे नवख्यांना उशिरा लक्षात येते. ‘वाय डिर’ उलट केले, की यादी वरून खाली वाचता येते.

संयुक्त आलेख कशाला म्हणतात?

शालेय पुस्तकात जोडस्तंभालेख असतो. त्यात दोन स्तंभ शेजारी उभे असतात, उदाहरणार्थ मुले आणि मुली. एकाच स्तंभाचे तुकडे केले, तर तो विभाजित स्तंभालेख. संयुक्त आलेख याहून वेगळा. त्यात स्तंभ आणि रेषा एकाच चौकटीत येतात. भूगोलाच्या पुस्तकातला हवामानाचा आलेख आठवावा. पाऊस स्तंभांनी आणि तापमान रेषेने दाखवलेले असते.

या प्रकाराची गरज हमीभावाच्या आकड्यांतही दिसते. अक्ष शून्यापासून घेतला, की २०२०-२१ आणि २०२१-२२ चे स्तंभ जवळपास सारखे दिसतात. कारण त्या वर्षी वाढ फक्त ७० रुपयांची, म्हणजे १.८ टक्के होती. ही मंदी स्तंभांत दबून जाते. टक्केवारीची रेषा सोबत दिली, की ती त्या वर्षी ठळकपणे खाली येते. स्तंभांची उंची खरी राहते आणि बदलही दिसतो. पाय कापण्याची गरजच उरत नाही.

स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये व्यापाराचे आकडे स्तंभांत मांडले आणि स्तंभालेख पुस्तकात आणला. त्यांनीच पुढे १८२० च्या दशकाच्या प्रारंभी शेतीच्या संकटावर लिहिताना गव्हाचा भाव स्तंभांनी आणि कारागिराची आठवड्याची मजुरी रेषेने, एकाच चित्रात दाखवली. मजुरीच्या मानाने गहू पूर्वी कधी नव्हे इतका स्वस्त झाला आहे, हे त्यांना सांगायचे होते. पण त्यांच्या चित्रात आधी नजरेत भरतात ते भावाचे उंच स्तंभ. मजुरीची रेषा खालून संथपणे सरकते. एका ठरावीक मापाच्या गव्हासाठी किती आठवड्यांची मजुरी लागते, हा एकच आकडा काढला असता, तर त्यांचे म्हणणे एका रेषेत कळले असते. दोन गोष्टी एका चौकटीत ठेवल्याने त्यांचे नाते आपोआप स्पष्ट होत नाही, हा धडा दोनशे वर्षे जुना आहे.

अक्ष एक हवा की दोन?

याला सोपा नियम आहे. एकक एकच असेल, तर अक्षही एकच. हमीभाव आणि बाजारातला दर दोन्ही रुपये प्रतिक्विंटलमध्ये असतात. २०२४ च्या हंगामात खुल्या बाजारातील दर हमीभावाच्या खाली असल्याच्या तक्रारी राज्यभर होत्या. ही तफावत दाखवताना हमीभावाला डावा अक्ष आणि बाजारभावाला उजवा अक्ष दिला, तर उजवा अक्ष थोडा ताणून बाजारभावाची रेषा स्तंभांच्या वर नेता येते. आकडा एकही न बदलता तोटा फायद्यासारखा दिसतो. म्हणून तिथे दोन अक्ष असणे हीच धोक्याची खूण समजावी.

एकके वेगळी असतील, तेव्हाच दुसरा अक्ष. राज्य कृषी पणन मंडळ प्रत्येक बाजार समितीची रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर जाहीर करते. कळंब, उमरगा किंवा तुळजापूर बाजारातील आवक क्विंटलमध्ये आणि दर रुपयांत. आवकेचे स्तंभ डाव्या अक्षावर आणि सर्वसाधारण दराची रेषा उजव्या अक्षावर, ही मांडणी योग्य आहे. तरीही एक सावधगिरी हवी. दोन मोजमापे कशीही ताणता येत असल्याने रेषा आणि स्तंभ कुठे एकमेकांना छेदतात, याला काहीही अर्थ नसतो. आवक वाढली त्याच दिवशी दर पडला, एवढेच वाचायचे. तेही आवकेमुळेच पडला, असा निष्कर्ष केवळ चित्रावरून निघत नाही.

दोन अक्ष जुळवताना कुठे चुकते?

पीजीएफप्लॉट्समध्ये दुहेरी अक्षाचा आलेख म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन आलेख. खालच्यात स्तंभ आणि डावा अक्ष, वरच्यात रेषा आणि उजवा अक्ष. वरच्याचा आडवा अक्ष लपवायचा. दोन्हींच्या आडव्या अक्षाच्या मर्यादा एकच दिल्या नाहीत, तर सोमवारच्या स्तंभावर मंगळवारचा दर जाऊन बसतो. चित्र देखणे असते, म्हणून ही चूक सहज निसटते. ‘स्केल ओन्ली ॲक्सिस’ ही आज्ञा दोन्हींना द्यावी. अन्यथा दोन्ही चौकटींचा आकार लेबलांमुळे कमी-जास्त होऊ शकतो.

स्तंभ आधी काढायचे, रेषा नंतर. उलटे केले, तर रेषा स्तंभांच्या मागे झाकली जाते. एकाच अक्षावर स्तंभ आणि रेषा हव्या असतील, तर आणखी एक अडचण येते. संपूर्ण अक्षाला ‘वायबार’ म्हटले, की प्रणाली रेषेचेही स्तंभ करते आणि दोन्ही शेजारी सरकवते. तेव्हा त्या रेषेला स्वतंत्रपणे ‘शार्प प्लॉट’ म्हणावे लागते.

सूचीचीही अशीच गोष्ट. दोन आलेख, म्हणून सूचीही दोन तयार होतात आणि एकमेकींवर चढतात. दोन्ही नोंदी एकाच सूचीत आणून ती आलेखाखाली आडवी ठेवणे उत्तम. त्याहून सोपी युक्ती म्हणजे डाव्या अक्षाचे शीर्षक आणि स्तंभ एका रंगात, उजव्याचे शीर्षक आणि रेषा दुसऱ्या रंगात ठेवायची.

बाजार बंद असेल त्या दिवसाचे काय?

रविवार, अमावास्या, सण किंवा हमाल-मापाड्यांचा संप असला, की सौदे होत नाहीत. त्या दिवशी आवक शून्य आहे, हे खरे. पण दर शून्य नसतो, दर नसतोच. तक्त्यात रिकाम्या जागी शून्य भरले, तर दराची रेषा धाडकन तळाला जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येते. ती जागा ‘आकडा नाही’ अशी नोंदवायची आणि रेषा तिथे तोडायची, अशी सोय प्रणालीत आहे. तुटलेली रेषा अपुरी वाटते, पण ती खरी असते.

तळटीपही विसरू नये. हमीभाव ठरलेल्या दर्जाच्या मालासाठी असतो. सोयाबीनसाठी ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४ मध्ये ती केंद्राने १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. पावसात भिजलेल्या मालाचा दर आणि हमीभाव शेजारी ठेवताना ही ओळ आलेखाखाली असायलाच हवी.

मोबाइलसाठी कोणती मांडणी बरी?

दोन अक्षांचा आलेख मोठ्या पानावर शोभतो. उभ्या धरलेल्या मोबाइलवर डावीकडे आकडे, उजवीकडे आकडे आणि मधे चिंचोळी पट्टी उरते. त्याऐवजी ‘ग्रुपप्लॉट्स’ वापरून दोन छोटे आलेख एकाखाली एक ठेवता येतात. वर आवकेचे स्तंभ, खाली दराची रेषा, आडवा अक्ष दोन्हींना एकच. मोजमापांची सरमिसळ टळते आणि नजर सरळ वरून खाली जाते. पूर्ण ए-४ पान पाठवण्याऐवजी ‘स्टँडअलोन’ प्रकारात फक्त आलेखापुरती फाइल करावी. तिचे चित्र व्हॉट्सॲपवर पाठवले, तरी अक्षरे वाचता येतात.

आलेख समोर आल्यावर काय तपासावे?

आधी उभ्या अक्षाचा तळ पाहावा. स्तंभ असतील आणि तळाला शून्य नसेल, तर उंचीवर विश्वास न ठेवता माथ्यावरचे आकडे वाचावेत. मग अक्ष किती आहेत ते पाहावे. दोन असतील, तर एकके खरोखर वेगळी आहेत का, हे विचारावे. वर्षे सलग आहेत का, की सोयीची तेवढी निवडली आहेत? हमीभावाचा आलेख २०२१-२२ पासून सुरू केला, तर १.८ टक्क्यांचे वर्ष तुलनेतून आपोआप निसटते. शेवटी आकडे कुठून घेतले, हे खाली लिहिले आहे का, ते पाहावे.

२०२५-२६ च्या हमीभावासाठी केंद्राने सोयाबीनचा उत्पादन खर्च प्रतिक्विंटल ३,५५२ रुपये धरला होता. त्याच्या दीडपट म्हणजे ५,३२८. हा खर्च, हमीभाव आणि आपल्या बाजारात हाती पडलेला दर, असे तीनच स्तंभ शून्यापासून, एका अक्षावर, शेजारी शेजारी काढता येतात. त्यासाठी लाटेकच हवे असे नाही. चौकटीच्या वहीचे एक पानही पुरते. फक्त वरच्या कोपऱ्यात प्रमाण लिहायला विसरू नये.